डिग्रीची सरेंडर व्हॅल्यू

"मुदत किती?" पद्मजाने विचारलं.

"दोन वर्षं."

"हप्ता?"

"चार सेमिस्टर. प्रत्येकी पंच्याण्णव हजार."

"मॅच्युरिटीला काय मिळणार?"

"डिग्री."

"ते सर्टिफिकेट झालं. मिळणार काय?"

माझी बायको विमा एजंट. धंदा करायची तो आमच्या जेवणाच्या टेबलावर. जयसिंगपुरातल्या निम्म्या संसारांना त्या टेबलाशी बसवून मरणाची भीती घालण्यात आली होती, आणि मग वाटीभर भडंग पुढे करून ती उतरवण्यातही आली होती. त्या रविवारी टेबलाच्या ज्या बाजूला गिऱ्हाईक बसायचं, त्या बाजूला मी बसलो होतो. माझ्यापुढेही भडंगाची वाटी होती. त्यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं.

"मिळणार म्हणजे, खुर्ची मिळणार," मी म्हणालो. "डिजिटल प्रशिक्षण प्रमुख. नवीन पद आहे."

मी एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात प्रशिक्षण अधिकारी होतो. प्रशिक्षण विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरचा हॉल, एक फळा आणि मी. नवीन क्लार्क आणि कॅशियर लागले की आठवडाभर माझ्याकडे यायचे. नोटा कशा मोजायच्या, खोटी नोट बोटांना कशी कळते, चिडलेल्या माणसाशी काउंटरवरून कसं बोलायचं, हे मी त्यांना शिकवायचो. आता हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं, असं जनरल मॅनेजर हुपरे साहेबांच्या मनात आलं होतं. अशा कामाला इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात आणि त्याची मास्टर्स डिग्री असते, हे त्यांनीच मला सांगितलं. लोकांना शिकवण्यासाठी पाठ कसे रचायचे, ह्याचं शास्त्र. मी ते काम वीसेक वर्षं करत होतो, पण शास्त्राला न कळवता.

"हुपरे साहेब म्हणाले, बाहेरून माणूस कशाला आणायचा? बिरनाळे, तुम्ही डिग्री घेऊन या. खुर्ची तुमचीच."

"लेखी दिलं?"

"तोंडी बोलले. पण खांद्यावर हात ठेवून बोलले."

"कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

"बरं," ती म्हणाली, आणि जणू फॉर्ममधला तो रकाना भरला. "मधेच सोडलंत तर सरेंडर व्हॅल्यू काय?"

"म्हणजे?"

"लोक पॉलिसी मधेच मोडतात. तेव्हा थोडंफार हातात येतं. तुम्ही दोन सेमिस्टर करून सोडलंत तर अर्धी डिग्री देतात का?"

"नाही."

"शून्य. आणि पूर्ण केलीत, पण खुर्ची नाही मिळाली तर?"

"ज्ञान तर मिळेल."

"त्यावर बोनस लागतो?"

मी भडंग खाल्लं. विचार करायला वेळ मिळावा म्हणून गिऱ्हाइकं तेच करतात, हे मी अनेकदा लांबून पाहिलं होतं.

खरा प्रश्न दुसराच होता, आणि तो आम्हा दोघांनाही माहीत असल्यामुळे कोणी काढत नव्हतं. स्टेशन रोडला कुडचे यांच्या इमारतीत एक गाळा रिकामा होता. दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक कपाट एवढंच मावेल असा. पद्मजाने आपल्या कमिशनमधून त्याच्या डिपॉझिटपुरते पैसे साठवले होते. घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्या उष्ट्या ताटांशेजारी बसवावं लागतं, कुकरची शिट्टी झाली की मृत्यूनंतरच्या लाभांचा विषय तुटतो, असं तिचं म्हणणं होतं. पेंटरकडून तिने बोर्डही करून घेतला होता. 'सौ. पद्मजा सुकुमार बिरनाळे, विमा सल्लागार'. वर संरक्षणाची खूण म्हणून छत्री काढलेली. छत्री जरा लहान झाल्यामुळे ती फक्त 'सौ.'वरच पुरत होती. बोर्ड सध्या कपाटामागे उभा होता.

फी त्या पैशांतूनच जाणार होती. दुसरे पैसे नव्हतेच.

तिने बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवला. पगारात किती वाढ होईल, निवृत्तीला किती वर्षं उरली, मधल्या काळात पुण्याला जायचा खर्च किती. मग कॅल्क्युलेटर उलटा घालून ठेवला.

"आकड्यात बसतंय," ती म्हणाली. "खुर्ची मिळाली तर. गाळा काय पळून जात नाही."

"तुझं मन नसेल तर..."

"मनाचा रकाना नाही ह्यात. घेते तुमची पॉलिसी. पण नॉमिनी मी. खुर्ची मिळाली की पहिलं काम गाळा."

"पहिलं काम गाळा," मी म्हणालो.

हे मीही तोंडीच बोललो. खांद्यावर हात ठेवायचं सुचलं नाही.

*

विद्यापीठ पुण्यातलं होतं. बरेचसे वर्ग कॉम्प्युटरवर व्हायचे आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार प्रत्यक्ष जावं लागे. वर्गात सगळी सॉफ्टवेअर कंपन्यांतली पोरं. मला काका म्हणायची. गटचर्चेत 'काका, तुम्ही नोंदी घ्या' असं म्हणून मला फळ्याजवळ उभं करायची, आणि मीही जन्मभराच्या सवयीने खडू हातात घ्यायचो.

आम्हाला शिकवायला प्रा. शाल्मली ओक होत्या. माझ्या पुतणीच्या वयाच्या, हुशार, स्वभावाने गोड. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "आपल्या क्षेत्रात उत्तम शिक्षक तो, ज्याच्या नसण्याने शिकणाऱ्याचं काहीही अडत नाही."

मी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. फारच सुंदर वाटलं मला ते.

पहिलं वर्ष संपता संपता कुडच्यांनी गाळा आपल्या भाच्याला दिला. त्याने तिथे मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. मी पद्मजाला म्हणालो, "दुसरा बघू, ह्याहून मोठा." ती म्हणाली, "बघू." त्या दिवसापासून स्टेशन रोडने जायचं झालं तर ती पलीकडच्या फुटपाथने जायची. विचारलं तर म्हणाली, तिकडे सावली असते.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट होता. आपल्याच कामाच्या ठिकाणचं एखादं प्रशिक्षण घ्यायचं आणि ते कॉम्प्युटरवर आपलं आपण शिकता येईल असं करायचं. मी अर्थातच कॅशियरचं प्रशिक्षण घेतलं.

वर्गात मी हे शिकवायचो ते जरा नाटक करून. पद्मजाची शाल डोक्यावरून घ्यायची, फाटकी नोट हातात धरायची आणि काउंटरवरच्या नव्या पोराशी भांडायला जायचं. भांडायचं, मॅनेजरला बोलवा म्हणायचं, शेवटी रडायचं. पोरं आधी हसायची, मग घामाघूम व्हायची, आणि मग पुढे वर्षानुवर्षं त्यांना ते आठवायचं. कुठल्याशा शाखेत गेलो की एखादा कॅशियर उठून म्हणायचा, "काय काकू, आज नोट नाही आणली?"

आता ह्या काकूला कॉम्प्युटरमध्ये घालायचं होतं. चित्र काढून झालं. तिच्यासमोर तीन बटणं ठेवली: समजूत काढा, मॅनेजरकडे पाठवा, नोट बदलून द्या. राहिला आवाज. शिकवणाऱ्याचा आवाज माझाच होता. काकूसाठी मी पद्मजाला विचारलं.

"मला भांडायला येत नाही," ती म्हणाली.

मी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं.

"हसू नका."

"हसलो नाही."

रविवारी दुपारी, गल्ली झोपलेली असताना आम्ही आतल्या खोलीत रेकॉर्डिंग करायचो. तरी भंगारवाला यायचाच. त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला काहीतरी लावायला हवं होतं. घरात त्या मापाची एकच वस्तू होती. कपाटामागचा बोर्ड काढून मी खिडकीत बसवला. अगदी चपखल बसला. छत्री, तिच्याखाली 'सौ.', आणि छत्रीबाहेर पद्मजा बिरनाळे. त्या बोर्डकडे तोंड करून पद्मजा भांडायला उभी राहिली.

कागदावर मी लिहून दिलं होतं, 'साहेब, कृपया ही नोट बदलून द्या.' तिने ते एकदा वाचलं आणि कागद बाजूला ठेवला.

"असं कोणी बोलतं का?" ती म्हणाली. "चालू करा."

मी बटण दाबलं.

"ओ साहेब, ही नोट बदलून द्या," ती बोर्डाला म्हणाली. "फाटकी दिसतीय ती आता दिसतीय. मी घेतली तेव्हा अख्खी होती."

मी बटण सोडायचं विसरलो. पुढचा बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज रेकॉर्ड झाला.

"बरं झालं का?" तिने विचारलं.

"उत्तम झालं."

"मग चहा टाकते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

कोर्सच्या शेवटी मी एक प्रश्न घातला होता. तो मात्र संपूर्ण माझ्या डोक्यातून आलेला. 'हा कोर्स करताना तुम्हाला शिक्षकाची उणीव भासली का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की सर्टिफिकेट. 'हो' दाबलं, तर पाठ नीट समजला नाही असा अर्थ. मग कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू. उणीव भासेनाशी होईपर्यंत माणसाने शिकत राहावं, अशी रचना.

ओकबाई खूश झाल्या. "काका, हा प्रश्न मी पुढच्या प्रत्येक बॅचला दाखवणार."

एकच त्रुटी त्यांनी काढली. प्रोजेक्टबरोबर खर्च आणि परतावा ह्यांचं एक पान जोडावं लागे. मी बचतीत हॉलचं वीजबिल, चहा, भडंग, पोरांचा प्रवासभत्ता असं सगळं धरलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रशिक्षकाचा पगार धरलाच नाहीत. सगळ्यात मोठी बचत तीच. ती धरल्याशिवाय हिशोब प्रामाणिक होत नाही."

हिशोबात प्रामाणिक असावं, हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो होतो. धरला. मला त्या प्रोजेक्टला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

*

डिग्री हातात आली आणि हुपरे साहेबांनी संचालक मंडळासमोर कोर्स दाखवायला सांगितला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी टेबलावर तयारी करत होतो. पद्मजा भाजी निवडता निवडता पडद्याकडे बघत होती. परताव्याचं पान आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"हा आकडा कुणाचा?"

"प्रशिक्षकाचा पगार."

"प्रशिक्षक किती आहेत तुमच्यात?"

"एक."

"म्हणजे तुमचा."

"तत्त्वतः."

"आणि हा वाचणार."

"तत्त्वतः वाचणार. अगं, विद्यापीठाच्या पद्धतीत तसं दाखवावं लागतं."

"बँकेत हे पान दाखवू नका."

"ते काढलं तर प्रोजेक्टचा आत्मा जातो. सर्वांत जास्त गुण ह्यालाच आहेत."

"आत्मा जाऊ दे. माझा धंदा शरीराचा आहे, माझं ऐका." तिने मेथीची जुडी बाजूला सरकवली. "पान काढा. आणि खुर्चीचं त्यांच्याकडून वदवून घ्या. सगळे बसलेले असताना. पान नाही, खुर्ची. एवढंच लक्षात ठेवा."

मी तिच्यासमोर ते पान काढलं. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत सगळे संचालक जमले होते. समोर कचोरी होती, त्यामुळे वातावरण अनुकूल होतं. चेअरमन मगदूम अण्णा मधोमध. त्यांच्या शेजारी तात्या खोत म्हणून जुने संचालक होते. बँकेची पहिली शाखा निघाली तेव्हापासूनचे. माउस त्यांच्या हातात द्यायचा असं हुपरे साहेबांनी ठरवलं होतं. तात्यांना जमलं म्हणजे कुणालाही जमेल.

पडद्यावर काकू आली. खोलीभर पद्मजाचा आवाज घुमला.

"बाई जोरात हाय," तात्या म्हणाले. "कोन म्हनायची ही?"

"चित्र आहे तात्या."

"चित्र न्हवं, आवाज. घरातलाच वाटतोय कुणाच्या तर."

सगळे हसले. मीही हसलो. तात्यांनी आधी काकूला मॅनेजरकडे पाठवलं. माझा आवाज म्हणाला, "उत्तर चुकलं. काही हरकत नाही, पुन्हा बघू." तात्यांनी मग समजूत काढली. काकू शांत झाली. माझा आवाज म्हणाला, "शाब्बास." तात्या इतके खूश झाले की त्यांनी पूर्ण झालेला पाठ पुन्हा एकदा केला. शेवटचा प्रश्न आला. शिक्षकाची उणीव भासली का?

"कशाची उणीव? काय बी न्हाई," तात्या म्हणाले आणि त्यांनी 'नाही' दाबलं. पडद्यावर त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट आलं. टाळ्या पडल्या. मगदूम अण्णांनी स्वतः माझ्यापुढे कचोरी सरकवली.

ही वेळ होती. हुपरे साहेब माझ्याकडे बघून हसत होते. 'साहेब, त्या पदाचं' एवढे शब्द माझ्या तोंडात तयार होते. तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "आनि बिरनाळे, आता हे पोरांना शिकवायला कोन लागंल?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं पाठ केलं होतं. त्याच्यासाठी मला पैकीच्या पैकी मिळाले होते. बायकोने आदल्या दिवशी काय सांगितलं ते मला आठवत नव्हतं असं नाही. पण अख्खं मंडळ माझ्याकडे बघत होतं, टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या, आणि हुशार विद्यार्थ्याला उत्तर येत असलं की त्याचा हात आपोआप वर जातो.

"कोणीच नाही, तात्या," मी म्हणालो. "तेच तर ह्याचं वैशिष्ट्य."

"कोनीच न्हाई?"

"कोणीच नाही. उत्तम शिक्षक तो, ज्याच्या नसण्याने शिकणाऱ्याचं काहीही अडत नाही."

कचोरीकडे जाणारे हात थांबले. वाक्याचा परिणाम झाला असं मला वाटलं. झालाच होता.

"मग वर्षाला वाचतील किती?" मगदूम अण्णांनी विचारलं.

"तो आकडा आहे माझ्याकडे," मी म्हणालो. पान मी दाखवायच्या स्लाइडमधून काढलं होतं. आकडा डोक्यात होता. तो सांगून टाकला.

"ह्यात माणसाचा पगार धरलाय?"

"धरलाय, अण्णा. त्याशिवाय हिशोब प्रामाणिक होत नाही."

हुपरे साहेबांनी तो आकडा लिहून घेतला. मी पाहिलं, त्यांनी खाली रेघ मारली.

*

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उठून टेबलाला वळसा घालून आले आणि खांद्यावर हात ठेवला. उजव्या.

"बिरनाळे, तुम्ही काम इतकं चांगलं केलंय की आता करायचं काही राहिलंच नाही."

"साहेब, ते पद..."

"कसलं पद? प्रमुख म्हणजे कुणाचा प्रमुख? विभागच राहत नाही. वरचा हॉल लॉकरला देतोय आपण."

"नवे कोर्स लागतील. कर्जाचे, वसुलीचे."

"ते पुण्यातल्या एका कंपनीला दिले. तरुण पोरं आहेत, सगळी ह्याच डिग्रीची. स्वस्तात करतात. तुमचं फार कौतुक करत होती. काका म्हणत होती तुम्हाला."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. बँकेची जीप होती.

"तुम्हाला शिरोळ शाखेला देतोय. काउंटरला," ते म्हणाले. "घरापासून जवळ पडेल. आणि तिथल्या नव्या पोरांना तुम्ही चार गोष्टी शिकवालच."

"त्याला आता कोर्स आहे, साहेब."

"हो, तेही आहे," हुपरे साहेब म्हणाले, आणि हात काढला.

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. पद्मजाने माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"कुठल्या खांद्यावर?" तिने विचारलं.

"उजव्या."

तिने हात धुतले. ताट वाढलं. ती मला बोलेल, निदान 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. जेवण झालं, ताटं उचलली, टेबल पुसलं गेलं. थोड्या वेळाने बेल वाजली. कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. तिने पदर नीट केला आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा आतल्या खोलीत बसता का?"

आतल्या खोलीत खिडकीला बोर्ड तसाच होता. तो काढायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पुढेही सुचलं नाही. त्या खोलीत दुपारचा उजेड येत नाही, तो त्यामुळे.

*

ह्या सगळ्याचा शेवट पुढच्या मार्चमध्ये झाला. खरं म्हणजे शेवट असा झालाच नाही, पण मला तो दिवस तसा आठवतो.

मुख्य कार्यालयातून आदेश आला की काउंटरवरच्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत कोर्स पूर्ण करून सर्टिफिकेट जोडावं, नाहीतर पगारवाढ थांबेल. प्रत्येकाने म्हणजे मीही. शाखेत मार्चमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून रविवारी सकाळी घरी टेबलाच्या एका टोकाला मी कॉम्प्युटर उघडला. दुसऱ्या टोकाला पद्मजाने उदगावहून आलेल्या एका जोडप्याला बसवलं होतं. लग्नाला वर्षही झालं नसावं. दोघं एकाच वाटीतून भडंग खात होते.

"नमस्कार," माझा आवाज म्हणाला. "ह्या कोर्समध्ये तुमचं स्वागत."

जोडपं दचकलं. मग काकू भांडायला लागली. उदगावची ती मुलगी आधी कॉम्प्युटरकडे बघायला लागली, मग पद्मजाकडे.

"काकी, आवाज तुमच्यासारखा वाटतोय."

"माझाच आहे," पद्मजा फॉर्म भरता भरता म्हणाली. "वडिलांचं नाव?"

मुलीच्या नवऱ्याने ते सांगितलं. "त्याचे पैसे मिळतात का हो, आवाज देण्याचे?"

"ह्यांना डिग्री मिळाली. जन्मतारीख?"

मी समजूत काढली. "शाब्बास," मी मला म्हणालो. खोट्या नोटा ओळखल्या. "शाब्बास." चिडलेल्या पेन्शनरला खुर्ची दिली. "शाब्बास." माझ्या आवाजात तेव्हा बराच उत्साह होता, तो आता ऐकताना जाणवला. समोर जणू कोणी बसलं आहे अशा समजुतीने बोलत होतो.

"काकी," तो मुलगा म्हणाला, "समजा मधेच भरायचं थांबवलं, तर?"

"पहिल्या काही वर्षांत थांबवलंत तर काहीच नाही. पुढे थोडंफार मिळतं."

"आणि पूर्ण भरलं तर?"

"पूर्ण भरल्यावर काय मिळतं ते ह्यात लिहिलेलं असतं." तिने कागद त्याच्यापुढे धरला. "हे बघा, इथे. छापील. कुणाच्या शब्दावर घेऊ नका. माझ्यासुद्धा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझ्यासमोर शेवटचा प्रश्न आला. हा कोर्स करताना तुम्हाला शिक्षकाची उणीव भासली का?

शिरोळ शाखेतल्या सगळ्यांनी आधीच 'नाही' दाबलं होतं. अख्ख्या बँकेने दाबलं होतं. ते मी माझ्याच हाताने असं रचलं होतं, की दुसरं काही दाबून कुणाचं भागूच नये. मी बाणाची खूण 'नाही'वर नेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली.

मग मी 'हो' दाबलं.

"काही हरकत नाही," माझा आवाज म्हणाला, अगदी मनापासून. "आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

टेबलाच्या त्या टोकाला पद्मजाचं पेन क्षणभर थांबलं. मान तिने वर केली नाही. पडद्यावर काकू शाल सावरत काउंटरशी आली, आणि त्या घरात, त्या टेबलाशी, माझ्या बायकोचा आवाज मोठ्याने म्हणाला,

"ओ साहेब, ही नोट बदलून द्या. फाटकी दिसतीय ती आता दिसतीय. मी घेतली तेव्हा अख्खी होती."